जंगल गावाचे, खर्च कुणाचा?

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे छोटेसे गोंड गाव. वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला आणि त्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याचे नाव लागले. सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचे व्यवस्थापन ग्रामसभेकडे आले. पण हक्काचा कागद हाती पडूनही बांबू गावाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना काही मिळेना. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. त्यानंतरच्या बांबूविक्रीने गावाला कोटीच्या घरातले उत्पन्न दिले.

येथवरची कथा शहरी वाचकाला परिचित असेल. तिचा पुढचा, हिशेबाचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही.

जंगलाचे उत्पन्न एकरकमी येते, खर्च मात्र बारमाही असतो. तेंदूपानांचा हंगाम उन्हाळ्यातील जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. बांबूही एकाच जागी दरवर्षी तोडता येत नाही. जंगलाचे भाग पाडून तीन-चार वर्षांच्या फेऱ्याने तोड करावी लागते. शिवाय या भागातला मानवेल बांबू काही दशकांतून एकदा फुलतो आणि फुलोऱ्यानंतर बेटेच्या बेटे वाळून जातात. नवी रोपे तोडीयोग्य होईपर्यंत कित्येक वर्षे जातात. त्या काळात राखणदारांची मजुरी, जाळरेषांची साफसफाई आणि मृदसंधारणाची कामे कशाच्या बळावर करायची?

कर्ज काढावे म्हटले, तर सामूहिक वनहक्क कायद्यानेच अहस्तांतरणीय आहे. म्हणजे तो गहाण ठेवता येत नाही. हे बंधन योग्यच, नाहीतर जंगल केव्हाच सावकाराच्या घशात गेले असते. परंतु त्यामुळे खेळत्या भांडवलाचा प्रश्न सुटत नाही. तोडणाऱ्याला मजुरी वेळेवर द्यावी लागते, मालाचे पैसे मात्र विक्रीनंतर येतात. मधल्या काळात ठेकेदाराची उचल घेतली, की भावही त्याचाच!

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाने तर याहून अवघड वाट धरली. २०१२ मध्ये हक्क मिळाल्यानंतर ग्रामसभेने तेंदूसंकलनच बंद केले, कारण चांगल्या पानांसाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लावल्या जातात. हातच्या रोख उत्पन्नावर गावाने जंगलापायी पाणी सोडले आणि बांबूवर भिस्त ठेवली.

सरकारकडे पैसा नाही असे नाही. प्रकल्पांसाठी वनजमीन वळती होते, तेव्हा भरपाई जमा होते. २०१६ च्या भरपाई वनीकरण निधी कायद्याने त्यातला ९० टक्के वाटा राज्यांना दिला. २०१९ मध्ये ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम राज्यांकडे गेली. तिच्या खर्चाची सूत्रे मात्र प्रामुख्याने वनखात्याकडे राहिली. ग्रामसभेच्या वाट्याला आली ती सल्लामसलत. आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२३ मध्ये सामूहिक वनांच्या व्यवस्थापनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२४ च्या धरती आबा अभियानात या कामाला स्थान मिळाले. मात्र आराखडा तयार करण्यास मिळणारे साह्य आणि राखणदाराची दरमहा मजुरी या निराळ्या गोष्टी आहेत. जाळरेषा फेब्रुवारीतच साफ व्हाव्या लागतात. सरकारी हप्ता बहुधा मार्चअखेरीस उतरतो, आणि तोवर पानगळीचे जंगल वाळून कोळ झालेले असते.