सुटकेचा रकाना

साखरपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कारकुनाच्या टेबलाला लागून एक जास्तीची खुर्ची टाकलेली आहे. तिच्यावर बसलेली मुलगी वकील नाही आणि पक्षकारही नाही. जिल्हा न्यायाधीशांचं परवानगीपत्र तिने प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवलंय, कारण ते रोज कुणाला ना कुणाला दाखवावं लागतं. ती पीएचडी करते आहे, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पोलीस संशोधन आणि विकास ब्यूरोच्या फेलोशिपवर. ब्यूरो १९७० सालचा. तुरुंगांचा विषय त्याच्याकडे १९९५मध्ये आला.

"तपासणीवाले येतात, ऑडिटवाले येतात," कारकून भाऊसाहेब मला सांगतात, "पण नुसते रोजनामे वाचायला सरकारनं पैसे देऊन माणूस पाठवलेलं पहिल्यांदाच बघतोय."

तिच्या तक्त्यात तीन मुख्य रकाने आहेत: अटक कधी, जामीन मंजूर कधी, प्रत्यक्ष सुटका कधी. पहिले दोन भराभर भरतात. तिसऱ्यापाशी पेन थांबतं.

आता तिच्यापुढे मोटारसायकल चोरीचं प्रकरण आहे. आरोपी बीडकडचा ऊसतोड कामगार, जानेवारीत अटक. मार्चच्या पहिल्या आठवड्यात जामीन मंजूर: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. त्यानंतरच्या रोजनाम्यात एकच वाक्य तारखेमागून तारखेला, वेगवेगळ्या अक्षरांत उतरत गेलंय: 'आरोपी हजर नाही. पोलीस पार्टी उपलब्ध नाही.' जून उजाडला तरी सुटकेची नोंद नाही.

"भाऊसाहेब, हा अजून आतच आहे?"

"आतच असणार, मॅडम. जामीनदार कुठनं आणणार? कारखाना बंद झाला, टोळी गावाकडं गेली. इथं सातबारा घेऊन कोण उभं राहतंय त्याच्यासाठी?"

भाऊसाहेबांच्या बोलण्यात कुचकेपणा नाही. ऐपतीचा दाखला, सातबारा, रेशनकार्ड या कागदांशिवाय जामीनदार त्यांच्या टेबलावरून पुढे सरकत नाही, आणि हंगामापुरत्या पालात राहिलेल्या माणसाला ओळखणारा सातबारावाला गावात एकच असतो: ज्याच्या फडात त्याने कोयता चालवला तो. तो कोर्टाची पायरी कशाला चढेल?

हे दुखणं जुनं आहे. १९७८मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची हमी नाकारली होती, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते साफ चूक ठरवलं. मग ३१ जानेवारी २०२३ रोजी त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की स्थानिक जामीनदाराची अट घालू नये. जामीन होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिनाभरात जामीनपत्र आलं नाही तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करायचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजनाही आणली: न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी तेव्हा ४० हजारांपर्यंत मदत. म्हणजे न्यायनिर्णय आहे, निर्देश आहेत, पैसाही आहे.

फाईल उलटी-पालटी करताना तिला तळाशी टाचलेला एक कागद सापडतो. तुरुंगातून आलेलं पत्र, आवक क्रमांकाचा निळा शिक्का मारलेलं. जामीन होऊनही बंदी सुटलेला नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पत्र आलं, शिक्का बसला, टाचणी लागली. न्यायाधीशांपुढे ठेवल्याची नोंद रोजनाम्यात कुठेच नाही.

भाऊसाहेब चष्मा कपाळावर सरकवून पत्र वाचतात. दुसऱ्यांदा वाचतात. "माझ्या आधीच्या माणसाच्या वेळचं आहे," म्हणतात. खरंही असेल.

आता ती अडचणीत आहे. संशोधकाने नोंद करावी, प्रकरणात हात घालू नये, असं तिच्या मार्गदर्शकांनी बजावलेलं. माझ्या मते असल्या सोवळ्याला तुरुंगाच्या दारात काही किंमत नाही, पण मी गप्प बसतो. ती तक्त्यात 'पत्र प्राप्त, कार्यवाही नाही' असं लिहिते, प्रकरणाचा क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर उतरवते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालयात फोन लावते. सरकारी खर्चाने आरोपींची बाजू मांडणारे वकील तिथे बसतात. पलीकडून प्रश्न येतो, "जामीनदाराची अट काढून फक्त जातमुचलक्यावर सोडा, असा अर्ज टाकू का?" ती म्हणते, "ते तुम्ही ठरवा, सर. मी फक्त क्रमांक देते."

फोन ठेवून ती पुढचा बस्ता सोडते. प्रबंध झाला की त्याचं काय होणार, असं मी विचारतो. "एक प्रत विद्यापीठात, एक दिल्लीला."

आणि या टेबलावर? ती हसते.

फेलोशिप देणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. प्रबंध मराठीत, दहा पानांत उतरवून घ्या आणि जिथले रोजनामे वाचले त्या प्रत्येक कोर्टाच्या फौजदारी कारकुनाच्या हातात ठेवा. पत्रं त्यांच्याच टेबलावर येतात.