वीट चढण्याआधीचा पैसा

परवडणाऱ्या घरांचा सामुदायिक प्रकल्प उभा करताना पैसा लागतो तो वीट चढण्याआधी, आणि हाती येतो तो बहुधा वीट चढल्यानंतर. २०१५ साली सुरू झालेल्या शहरी पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात. पण हप्ता सुटतो तो पाया, भिंती, छत अशा टप्प्यांची छायाचित्रे पोहोचल्यावर. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मिळणारे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसऱ्याला विकता येणारी बांधकामाची मुभा, हेही बांधकाम पुढे सरकेल तसेच हाती येतात. मधली पोकळी भरून काढायची कशी, हाच अशा प्रकल्पाच्या निधिउभारणीतला खरा प्रश्न आहे.

नवी मुंबईत या प्रश्नाला पहिले उत्तर सरकारी यंत्रणेने दिले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या महामंडळाच्या हाती जमीन होती. व्यापारी भूखंड चढ्या भावाने विकायचे आणि त्या पैशावर दुर्बल व अल्प उत्पन्न गटांच्या घरांची किंमत खाली ठेवायची, असा हा हिशेब होता. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात त्यापुढचा विचार केला. लहानशा अंगणाभोवती घरांचे गट, आणि शेजाऱ्याशी भिंत सामायिक नसल्याने पैसे साठतील तसे प्रत्येकाला घर वाढवता येईल अशी रचना. सगळी रक्कम एकदम उभी करण्याचे ओझे त्यामुळे कुटुंबावरून उतरते. पण ज्या वस्तीकडे विकायला जमीन नाही आणि पाठीशी महामंडळ नाही, तिला हा मार्ग खुला नसतो.

अशा वस्तीने काय करावे, याचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण मुंबईच्या फुटपाथवर घडले. १९८४ मध्ये शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्क’ ही संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षी, जुलै १९८५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा ओल्गा टेलिस खटल्यातला निकाल आला आणि पावसाळ्यानंतर फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याची पालिकेची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी स्पार्कने फुटपाथवासीयांना सोबत घेऊन गणना केली. सहा हजारांवर कुटुंबे, सुमारे सत्तावीस हजार माणसे. कोण कुठून आले, किती वर्षे राहतात, काय काम करतात, हे सारे कागदावर आले. सरकारी दप्तरात ज्यांची नोंदच नव्हती त्यांच्या हाती आता स्वतःविषयीची आकडेवारी होती. देणगीदार असो, बँक असो की मंत्रालय, पुढच्या प्रत्येक बोलण्याला या गणनेने जमीन दिली. करुणेचे आवाहन एखाद्या दिवसाची मदत मिळवून देते. यादीमुळे माणूस वाटाघाटीला बसू शकतो.

याच कामातून ‘महिला मिलन’ हे फुटपाथवासी बायकांचे संघटन उभे राहिले. जोकिन अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि स्पार्क यांच्यासोबत या बायकांची आघाडी झाली. त्यांच्या बचतीची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. वस्तीतलीच एखादी बाई रोज घरोघर जाई आणि ज्याला जमेल तेवढे पैसे गोळा करी. अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून वेगवेगळ्या रकमांसाठी वेगवेगळ्या रंगांचे कागदाचे तुकडे ठरले. प्रत्येक घराच्या पिशवीत ते जमा होत आणि हिशेब सगळ्यांना कळे. आजारपण, अटक, काम बुडणे अशा अडचणीत त्यातूनच कर्ज मिळे.

रोजंदारीवर जगणाऱ्याला महिन्याचा हप्ता पेलत नाही, हे रोजच्या फेरीचे एक कारण. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. पैसे गोळा करणारी बाई रोज दारात येते, तेव्हा ती बातमीही आणते आणि तक्रारही घेऊन जाते. कुणाचे नाव यादीतून सुटले, कोण गावी गेले, कोणता दलाल फिरतो आहे, हे सगळे तिला ठाऊक असते. गृहनिर्माण प्रकल्प मोडतात ते पुष्कळदा पैशाअभावी नव्हे, तर अफवेमुळे. पात्रता यादी कुणीतरी गुपचूप बदलली, या एका कुजबुजीने वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते. रोजच्या फेरीने ही कुजबूज जागच्या जागी थांबते. म्हणून बचत आणि संवाद ही इथे दोन वेगळी खाती नव्हती.

पुढची पायरी घर दाखवण्याची. या आघाडीने लाकूड आणि कापड वापरून घराच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती उभारल्या आणि प्रदर्शने भरवली. नकाशा वाचता न येणारी बाई त्या घरात उभी राहून चूल कुठे आणि झोपायचे कुठे ते सांगू शकत होती. चौदा फूट उंचीच्या खोलीत पोटमाळा काढायचा, म्हणजे तेवढ्याच जागेत घर वाढते, ही बायकांची मागणी अशीच ठाम झाली. अधिकारीही तिथे येत आणि घर कसे असावे हे त्याच बायकांकडून ऐकत. छापील पत्रकाला हे साधले नसते.

एवढी तयारी झाल्यावर बाहेरचा पैसा आला, आणि तोही सगळा दान म्हणून नव्हे. बांधकामाची जबाबदारी घेण्यासाठी १९९८ मध्ये ‘स्पार्क समुदाय निर्माण सहायक’ ही ना-नफा कंपनी निघाली. धारावीतील राजीव इंदिरा गृहनिर्माण संस्थेच्या इमारतींना सिटी बँकेने कर्ज दिले. त्यामागे ब्रिटनच्या ‘होमलेस इंटरनॅशनल’ची हमी होती. २००२ मध्ये ब्रिटिश आणि स्वीडिश सरकारी मदतीतून ‘क्लिफ’ हा निधी उभा राहिला. विकास हक्क विकून पैसे येईपर्यंतची पोकळी भरणे हे त्याचे मुख्य काम होते. परत आलेला पैसा पुढच्या वस्तीला देता येतो. देणगी मात्र एकदा खर्च झाली की संपते. या फरकाचे मोल प्रत्येक वस्तीने जाणायला हवे.

आज नवी मुंबईतील वस्तीला किंवा संस्थेला आणखी दोन वाटा दिसतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मोठे कारखाने आणि कंपन्या आहेत. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि झोपडपट्टी क्षेत्राचा विकास त्या यादीत आहे. हा निधी नोंदणीकृत न्यासासारख्या संस्थेमार्फत मिळतो, थेट गृहनिर्माण संस्थेला नव्हे. परदेशी देणगीसाठी वेगळी केंद्रीय परवानगी लागते.

दुसरी वाट स्वयंपुनर्विकासाची. वाशीतील सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारती जीर्ण झाल्या असून त्यांच्या पुनर्विकासाचा प्रश्न तीव्र आहे. राज्य सरकारने २०१९ मध्ये स्वयंपुनर्विकासाचे धोरण जाहीर केले आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने मुंबईतील संस्थांसाठी कर्जयोजना चालवली. बिल्डरऐवजी संस्थाच विकासक होते. जादा सदनिका विकून कर्ज फेडते. पण वास्तुविशारदाचे शुल्क, सर्वेक्षण, कागदपत्रे यांचा सुरुवातीचा खर्च सभासदांनाच करावा लागतो. महिला मिलनच्या पिशवीमागचा प्रश्न, आधी पैसा आणि विश्वास कसा जमवायचा, इथे वाशीच्या सोसायटीतही उभा राहतो. वृद्ध सभासद, भाड्याने दिलेल्या घरांचे बाहेरगावी राहणारे मालक, सभेला न येणारे, अशा सगळ्यांपर्यंत मराठीत, सोप्या शब्दांत, एकाच मजकुराचा कागद पोहोचला पाहिजे: घर किती चौरस फुटांचे, भाडे कोण देणार, कर्ज बुडाले तर काय. सभेच्या इतिवृत्ताची प्रत आणि बँक खात्याचा उतारा दर महिन्याला फलकावर लागला, तर खासगीत विचारले जाणारे निम्मे प्रश्न उघड्यावर येतात. वाईट बातमीही त्याच फलकावर लागली पाहिजे. परवानगी रखडली, सिमेंट महागले, हे सभासदाला समितीकडूनच आधी कळायला हवे.

ताबा मिळाल्यावरही निधीचे काम थांबत नाही. उंच इमारतीत लिफ्ट, पाण्याचा पंप, मालमत्ता कर आणि सामायिक वीजबिल असा खर्च सुरू होतो. बैठ्या वस्तीतून आलेल्या कुटुंबाला तो झेपत नाही, आणि थकबाकीपायी घर विकून पुन्हा झोपडीत जाण्याची वेळ येते. म्हणून देखभालीचा स्थायी निधी प्रकल्पाच्या पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा लागतो, आणि घर मिळण्यापूर्वी सुरू केलेली बचतीची फेरी घर मिळाल्यानंतरही चालू ठेवावी लागते.