एअर काढण्याआधी

‘ब्रेक मऊ लागतोय, एअर काढून द्या.’ जळगाव-धुळ्याकडच्या दुचाकी मेकॅनिकला हे वाक्य रोजचं आहे. आता ते सायकलवाल्यांच्याही तोंडी आलंय, कारण मेहरूण तलावाला सकाळी फेऱ्या मारणाऱ्या आणि लळिंगचा चढ चढणाऱ्या सायकलींनाही हायड्रॉलिक डिस्क ब्रेक दिसू लागले. त्याच्या जोडीला एक तक्रारही ऐकू येते, की हे ब्रेक आपल्याकडे टिकत नाहीत, आपली धूळ आणि आपलं ऊन त्यांना मानवत नाही, त्यापेक्षा केबलचा ब्रेक बरा. ही तक्रार मला अन्यायाची वाटते. ऊन-धुळीचा त्रास होतो, पण हे ब्रेक कायमचे कामातून जातात ते बहुधा चुकीच्या ऑइलने आणि तपासायच्या आधीच हातात घेतलेल्या पान्याने. दोन्ही गोष्टी इथल्या इथे टाळता येण्यासारख्या आहेत.

हवेचा स्वभाव खान्देशाला वेगळा शिकवायला नको. ठिबकच्या मेन लाइनवर उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवतात, कारण पाइपात अडकलेली हवा उंचावर जाऊन बसते, हे केळी-कपाशी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. सायकलच्या ब्रेकची लाइन तीच, फक्त बोरूएवढी बारीक. लिव्हर दाबला की हँडलजवळच्या सिलिंडरमधलं ऑइल नळीतून खाली कॅलिपरमध्ये जातं, तिथले दोन पिस्टन पॅडना डिस्कवर रेटतात. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून बोटाचा जोर वाया न जाता खाली पोचतो. हवा मात्र दबते. पॅड आणि डिस्क यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या अंशात असतं, त्यामुळे पिस्टनची एकूण चालही तेवढीच. अशा ठिकाणी एक लहानसा बुडबुडा लिव्हरची सगळी चाल गिळून टाकतो. या लाइनीतली उंच जागा म्हणजे लिव्हरजवळची ऑइलची टाकी. तिथे थोडी हवा राहिली तरी सायकल उभी असेपर्यंत ती त्रास देत नाही. आपल्याकडे पंक्चर काढायचं म्हटलं की पहिल्यांदा सायकल सीट-हँडलवर उलटी केली जाते. उलटी केल्यावर टाकी तळाला आणि कॅलिपर वर. टाकीतली हवा नळीकडे सरकते, आणि पंक्चर काढून घरी निघालेल्या माणसाला पहिल्याच चौकात लिव्हर हँडलला टेकलेला आढळतो. यात ब्रेक बिघडलेला नसतो. सायकल सरळ उभी करून लिव्हर पाच-पंचवीस वेळा हळूहळू दाबला की पुष्कळदा हवा टाकीत परत जाते. चाक काढलेलं असताना कुणी लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात, चाक परत बसत नाही, आणि त्याचाही दोष ब्रेकलाच मिळतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की या कामाचा मोठा भाग बोटात आहे, पान्यात नाही. लिव्हर स्पंजसारखा दबतो, लागोपाठ दाबला की वर येतो आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली जातो, तर हवेचा संशय खरा. लिव्हर घट्ट आहे पण सायकल थांबत नाही, तर हवेचा काही संबंध नाही. पॅडला तेल लागलंय किंवा पॅड चकाकून गुळगुळीत झालेत. चाल लांबली आहे पण दाब कडक आहे, तर आधी पॅड किती उरलाय ते बघावं. शिमानो ही ब्रेक बनवणारी कंपनी पॅडचा थर 0.5 मिलिमीटर उरला की तो बदलायला सांगते. दाबून धरलेला लिव्हर हळूहळू खाली जात राहिला, तर कुठेतरी गळती आहे किंवा लिव्हरमधलं सील गेलंय, आणि कितीही एअर काढली तरी ते बरं होणार नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पिस्टनच्या कडेला वाळून बसला की एक पिस्टन आळसावतो, दुसराच सगळं काम करतो आणि डिस्क एका बाजूला वाकून घासते. अशा वेळी पिस्टन तसाच मागे रेटणं म्हणजे ती माती सीलवर घासणं. आधी पुसायचं, मग रेटायचं. वॉशिंग सेंटरवर दुचाकीला डिझेलचा फवारा मारतात तसा सायकलला मारला, तर त्याच दिवशी पॅड गेले असं समजावं. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून निघते, तेल प्यायलेला पॅड सहसा परत येत नाही. यातल्या किती तक्रारी एअर काढून सुटतील? एकच.

हवाच आहे असं ठरलं तर मग काम सुरू. चाक आणि पॅड काढून पिस्टनांमध्ये प्लास्टिकचा ठोकळा घालायचा, लिव्हर आडवा करायचा, त्याच्या तोंडावर फनेल बसवायचं, खाली कॅलिपरवरच्या एअर काढायच्या निपलला सिरिंज. खालून दाब दिला की ऑइल वर चढतं, आणि बुडबुडे फनेलमध्ये फुटतात. इथे दुचाकीवरच्या हाताला एक सवय सोडावी लागते. शिमानोच्या सूचनांत निपल एक-अष्टमांश फेरा सैल करा असं आहे. म्हणजे सात नंबरचा पाना जेमतेम हलला न हलला तेवढा. मोटारसायकलवर रोज एअर काढणारा हात सवयीने अर्धा फेरा देऊन मोकळा होतो. मग आट्यांच्या कडेने ऑइल पाझरतं आणि हवा आत यायला वाट मिळते. एअर काढताना एअर भरली जाते ती अशी. शेवटी लिव्हर दाबून धरायचा, निपल तेवढाच अष्टमांश उघडायचा आणि अर्ध्या सेकंदात बंद करायचा, दोन-तीनदा. कॅलिपरवर, नळीवर पान्याच्या दांड्याने हलकी टिचकी मारत राहायची. फनेलमधल्या लालसर ऑइलकडे बघत बसलं की बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग मोहरीएवढा एक बुडबुडा सुटून वर येतो. ज्याला तोपर्यंत थांबता येतं त्याचा ब्रेक टिकतो.

खरा घात ऑइलचा. दुचाकीच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 लिहिलेलं असतं, आणि तीच बाटली प्रत्येक गॅरेजात उघडी असते. शिमानो, मॅगुरा, टेक्ट्रो यांच्या सायकल ब्रेकना मात्र मिनरल ऑइल लागतं. स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट चालतं, तिच्याही नव्या काही ब्रेकना मिनरलच लागतं. दोन्ही ऑइलांसाठी सीलचं रबर वेगळं असतं. मिनरलच्या सीलला डॉट लागलं की ते फुगतं आणि पिस्टन अडकतो. वाईट हे, की हे दुकानात दिसत नाही. एअर निघाली, लिव्हर कडक झाला, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. सील नंतर फुगतं, आणि तेव्हा म्हटलं जातं की हे ब्रेक आपल्याकडे टिकत नाहीत. मेकॅनिकला इथे हुशारी कमी पडलेली नसते. त्याला फक्त लिव्हरवरची बारीक अक्षरं वाचायची असतात.

उन्हाचा आक्षेप खोडून काढणं सोपं आहे. जळगावचा पारा 45 अंशांपर्यंत जातो; कोरडं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये असं मानकच आहे, आणि 3.7 टक्के पाणी शोषल्यावरही ती मर्यादा 155 अंश. मे महिन्याचं ऊन त्याच्या जवळपासही जात नाही. चाळीसगावजवळचा औट्रम घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवला तर डिस्क खरोखर तापते, पण ती घर्षणाने. टाकी काठोकाठ भरली असेल तर तापलेलं ऑइल फुगायला जागा राहत नाही आणि पॅड घासू लागतात. ती चूक भरणाऱ्याची. केबलचा आक्षेप अधिक वजनदार आहे. केबल तुटली तर शिरपुरात, पारोळ्यात, कुठेही मिळते. मिनरल ऑइल आणि फनेल मिळेलच असं नाही. रोज शेतावर जाणाऱ्या सायकलला मी केबलचाच ब्रेक सुचवेन. पण घाट उतरणाऱ्याला एका बोटाने, हात न दुखता मोजून धरता येणारा ब्रेक नाकारायचा तो बाटली मिळत नाही म्हणून? पळासनेरला 4 जुलै 2023 रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला. तेव्हापासून धुळे जिल्ह्यात ‘ब्रेक फेल’ हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. तिथल्या माणसाला चांगला ब्रेक मिळावा आणि तो नाशिक-पुण्याला न पाठवता गावातच दुरुस्त व्हावा, ही मागणी मोठी नाही. फनेल, सिरिंज, लाल ऑइलची वेगळी बाटली आणि तिच्यावर मराठीत चिकटवलेलं ‘सायकल’ एवढंच लागतं.

आणि जुन्या ट्यूबची एक पट्टी, जी पंक्चरच्या दुकानात फुकट असते. काम झाल्यावर सायकल सरळ उभी करायची, लिव्हर दाबून त्या पट्टीने हँडलला बांधायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. उरलेले बुडबुडे सावकाश टाकीकडे चढतात. सकाळी पट्टी सोडायची, पुन्हा फनेल लावून बघायचं. बहुधा एखादा उरलेला असतोच.