उसाच्या फडातली बिऱ्हाडं

मांजराला गोड चव कळत नाही. गोडाची जाणीव करून देणारे ग्राहक जिभेवर तयार व्हायला दोन जनुकं लागतात. त्यांतलं एक मांजरात, वाघात आणि चित्त्यातही निकामी झालेलं आहे, हे २००५ साली संशोधकांनी दाखवून दिलं. निव्वळ मांसावर जगणाऱ्या कुळाचं त्यावाचून काही अडलं नाही. असं हे कुळ आज पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत उसाच्या फडात जन्माला येतं, तिथंच वाढतं आणि तिथंच पिल्लं घालतं.

मला या कुळाचं वेड लागलं ते या पट्ट्यात. अभयारण्यात जीपमध्ये बसून वाघ मीही पाहिला आहे, आणि तो थरार खराच असतो. पण जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर या भागात जनावर दिसतच नाही. दिसतो तो त्याचा संसार. रात्री पाणी दिलेल्या सरीत सकाळी ठसे उठलेले असतात. ओल्या मातीतला बिबट्याचा ठसा मी तासन् तास पाहत बसलो आहे. चार बोटं, मागं तळव्याची गादी आणि तिच्या मागच्या कडेला तीन उंचवटे. नखांची खूण नाही, कारण चालताना नखं आत ओढलेली असतात. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढं नखं उमटतात, त्यावरून फरक लगेच ध्यानात येतो. पुढचा पाय रुंद, मागचा लांबट, आणि चाल शांत असेल तर मागचा पाय पुढच्याच्या जवळपास वर पडलेला. पाय ओढलेला नाही, माती उडालेली नाही, म्हणजे जनावर घाईत नव्हतं. त्याच सरीत कधी नाण्याएवढे इवले ठसे दिसतात. ते वाघाटी या छोट्या रानटी मांजरीचे असू शकतात, आणि तिच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

आधी उसाबद्दल. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं झाली आणि जिथं बाजरी, मटकी व्हायची तिथं बारमाही पाणी आलं. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. मादीला पिल्लं घालायला काय लागतं? गारवा, पाणी, आडोसा, माणसाची कमी वर्दळ. वाढलेल्या उसात वारंवार कुणी शिरत नाही. पाल्यात उंदीर-घुशी असतात, बांधावर ससे आणि मोर, आणि बांध ओलांडला की वस्ती. वस्तीवर कुत्री, कोंबड्या, शेळ्या.

हा बिबट्या जंगलातून वाट चुकून आलेला आहे, असं बातम्यांतून आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावून या समजुतीची शहानिशा केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आणि ५ तरस निघाले. तिथं माणसांची वस्ती दर चौरस किलोमीटरला ३०० च्या वर होती. इतकी मोठी मांसाहारी जनावरं इतक्या दाट वस्तीत असल्याची नोंद त्याआधी कुठं नव्हती. पुढं बिबट्यांच्या विष्ठेतले केस आणि हाडं तपासली, तेव्हा त्यांच्या खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा भरला. त्यात एकटी कुत्रीच ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही फक्त ११ टक्के होत्या. शेळीला रात्री गोठ्यात कोंडतात, कुत्रं मोकळं असतं. कुत्र्याला सहसा कुणी वाली नसतो, म्हणून त्याची ओरडही होत नाही.

पाच बिबट्यांना गळपट्टे घालून त्यांचा मागही काढला गेला. जे पकडल्या जागेजवळच सोडले, ते छोट्या मुलखात राहिले. दोन माद्यांचा वावर ८ आणि १५ चौरस किलोमीटरच्या आत होता, नराचा ४२. दिवसा ते उसात किंवा झुडपात बसून राहायचे आणि रात्री घरांच्या अगदी जवळून, २५ मीटरच्या आतून फिरायचे. आत झोपलेल्यांना पत्ताही लागत नसे. मादीचा मुलूख म्हणजे पिल्लांना दीड-दोन वर्षं पोसता येईल एवढी जागा. तिच्यावरून नराचा मुलूख पसरलेला असतो, आणि झाडाच्या बुंध्यावर सोडलेली मूत्राची पिचकारी किंवा जमिनीवरचं ओरखडणं हा त्यांचा आपसातला निरोप. कोण कुठं आहे हे वासावरून कळत असल्यामुळं एरवी मारामारीची वेळ येत नाही.

ही घडी विस्कटली की काय होतं, हे जुन्नरनं फार मोठी किंमत मोजून पाहिलं. १९९३ ते २००१ या काळात तिथं माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे. २००१ पासून उसातले बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली, आणि २००३ पर्यंतच्या काळात ही सरासरी १७ वर गेली. पिंजऱ्यातला ताण, अनोळखी मुलूख, घराकडे परतण्याची ओढ, आणि मोकळ्या झालेल्या जागेत शिरणारे नवे बिबटे. अभ्यासकांनी हल्ल्यांचा संबंध या हलवाहलवीशी जोडला. परतीची ही ओढ सांगताना ‘आजोबा’ आठवतो. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला हा नर २००९ मध्ये गळपट्टा घालून माळशेज घाटात सोडला, आणि तो मुंबई-आग्रा महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडत थेट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. सरळ रेषेत ८९ किलोमीटर, पायी त्याहून बरंच जास्त. वाटेत त्यानं कुणा माणसाला इजा केल्याची नोंद नाही. तो कदाचित आपल्या मूळ मुलखाकडेच निघाला असावा, असं मला वाटत राहतं. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेनं तो गेला.

हे सगळं लिहिताना ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना बाजूला सारता येणार नाही. उसाच्या कडेला खुरपायला वाकलेली बाई, अंगणातलं लेकरू. ज्या घरानं हे भोगलं आहे, त्यानं बिबट्याचं कौतुक का म्हणून ऐकावं? शेतीची वीज रात्री येते म्हणून माणसाला अंधारात दारं धरायला जावं लागतं. दिवसा वीज द्या, ही या भागाची जुनी मागणी आहे. माझ्या लेखी बिबट्याच्या प्रश्नातली ही सर्वांत महत्त्वाची मागणी आहे, कारण तिचा संबंध दोघांच्या वेळापत्रकाशी आहे. कठडा नसलेली विहीर आणि उघड्यावरचा गोठा यांचंही तसंच.

ज्यांचे पूर्वज या जनावरासोबत राहिले, त्यांनी भीतीला जागा करून दिली होती. वसुबारसेच्याच दिवशी, आश्विन वद्य द्वादशीला, अकोले-जुन्नरच्या डोंगराळ गावांतले महादेव कोळी वाघबारस करतात. वाघोबाला नैवेद्य दाखवून गुरांची राखण मागतात. पालघर, ठाणे, मुंबई भागातल्या वारल्यांच्या वाघोबाची दीडशेहून जास्त ठाणी अभ्यासकांनी २०२१ साली नोंदवली. त्यामुळं हल्ले होत नाहीत असं कुणी म्हणत नाही. पण जनावर शेजारी असणारच, हे तिथं धरून चाललेलं असतं.

आता वाघाटी. बिबट्याच्या दबदब्यात ती पार झाकून गेली आहे. पुद्दुचेरीहून पाठवलेल्या नमुन्यावरून १८३१ साली झोफ्रवा सांतिलेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून ती कुठंच नाही. वजन एक ते दीड किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या घरच्या बोक्याच्या निम्मंसुद्धा नाही. जगातल्या सर्वांत लहान मांजरांत तिची गणना होते, आणि आपल्या कायद्यानं तिला वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण दिलेलं आहे. अकोल्याच्या त्या अभ्यासात तिचीही छायाचित्रं मिळाली. ती उसात पिल्लं घालते, हेही नोंदवलं गेलं. झाडावर सराईतपणे चढते, रात्री हिंडते, उंदीर, पाखरं, सरडे खाते. तिचं एवढंसं डोकं आणि भलेमोठे डोळे पाहिले की हे जनावर शिकार करून जगतं यावर विश्वास बसत नाही. मला मात्र या कुळात सर्वांत जास्त ओढ तिचीच आहे.

तिच्याहून थोराड ते रानमांजर, ज्याला काही ठिकाणी बाऊल म्हणतात. लांब पाय, आखूड शेपूट, कानाच्या टोकाला केसांचा झुपका. राजस्थानातल्या सरिस्कात २००४ साली झालेल्या अभ्यासानुसार एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीरवर्गीय प्राणी फस्त करतं. वर्षाला हजाराच्या वर. ऊस कुरतडणाऱ्या उंदरांनी जेरीला आलेल्या शेतकऱ्यानं हा आकडा लक्षात घ्यावा.

दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होतं आणि या तिघींच्या बिऱ्हाडांवर कोयता येतो. टोळी फडात शिरते, ऊस आडवा होत जातो, आणि शेवटच्या पट्ट्यात पाचटावर पिल्लं सापडतात. एकच गलका होतो, ‘बिबट्या!’ पुष्कळदा ती वाघाटीची किंवा रानमांजराची असतात. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्यक गोचीड, जखमा, अंगातलं पाणी तपासतात. संध्याकाळी पिल्लं सापडल्या जागीच क्रेटमध्ये ठेवून समोर कॅमेरा लावतात.

असं एक चित्रण मी पाहिलं आहे. मादी बिबट्या सरळ क्रेटशी येत नाही. आधी कडेनं फेरी मारते, थांबते, मान वर करून वास घेते. मग एक पंजा क्रेटवर टेकवून दाबते आणि लगेच मागं सरते. दुसऱ्या धक्क्याला क्रेट कलंडतो, पिल्लू बाहेर घरंगळतं. ती त्याला चाटत बसत नाही. मान तोंडात धरते, आणि पिल्लू क्षणात पाय पोटाशी घेऊन निपचित लोंबतं. ते पोचवून ती दुसऱ्यासाठी परत येते, आणि या वेळी वास न घेता थेट.

यंदा तोडीला जाणाऱ्यांसाठी ओळखीची खूण लिहून ठेवतो. बिबट्याच्या पिल्लाचे पंजे अंगाच्या मानानं मोठे, अंगभर दाट ठिपके, ते शेपटीवरही, आणि कानामागं काळ्यावर पांढरा डाग. रानमांजराच्या पिल्लावर आडवे पट्टे असतात, मोठेपणी ते पुसट होतात. वाघाटीच्या कपाळावर डोळ्यांपासून वर जाणाऱ्या पांढऱ्या रेघा, अंगावर तांबूस गंजासारखे ठिपके, शेपटीवर जवळपास काही नाही. ओळख पटली नाही तरी बिघडत नाही. पिल्लांना हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका, घरी नेऊन दूध पाजू नका. तेवढ्या सऱ्यांची तोड थांबवून सगळी माणसं बाजूला घ्या, कारण आई बहुधा शेजारच्या उभ्या उसात असते. आणि हंगाम सुरू होण्याआधीच वनखात्याचा १९२६ हा क्रमांक मुकादमाच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा.