आनंदीबाईंचं कॉलेज

कल्याण हे ठाणे जिल्ह्यातलं शहर. त्या कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांचं नाव आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण ज्या कॉलेजनं त्यांना डॉक्टर केलं, ते आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि हे मला मनापासून खटकतं.

फिलाडेल्फिया शहरातलं वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया 1850 साली क्वेकर पंथीयांच्या पुढाकारानं सुरू झालं, तेही एका घराच्या मागच्या भागातल्या खोल्यांत. पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिल्या आठ जणी पदवीधर झाल्या. समारंभात पुरुष विद्यार्थी गोंधळ घालणार अशी कुणकुण होती, म्हणून पोलिसांचा बंदोबस्त ठेवावा लागला. त्या आठ जणींतल्या अ‍ॅन प्रेस्टन पुढे कॉलेजच्या डीन झाल्या. शहरातली रुग्णालयं मुलींना रोग्यांजवळ जाऊ देत नव्हती. तेव्हा प्रेस्टनबाईंनी पुढाकार घेतला आणि 1861 मध्ये स्त्रियांसाठी वेगळं रुग्णालय उभं राहिलं.

नोव्हेंबर 1869 मध्ये या मुली पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये रोगी तपासणीचा वर्ग पाहायला गेल्या. तिथल्या पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, कागदाचे बोळे आणि तंबाखूचे चोथे फेकले, रस्त्यावर पाठलाग करून दगडही मारले. मुली तरीही वर्गाला जात राहिल्या. पुण्यात शेण-दगड झेलत शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंचा आणि यांचा काळ जवळपास एकच.

ऑक्टोबर 1883 मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई इथे दाखल झाल्या, तेव्हा तो संघर्ष बराचसा पार पडला होता. कॉलेजची स्वतःची इमारत होती, शेजारी रुग्णालय होतं, अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. डीन होत्या रेचल बॉडली, मूळच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. आनंदीबाईंसाठी त्यांनी शिष्यवृत्तीची सोय केली आणि अखेरपर्यंत मायेनं लक्ष दिलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांना तर आनंदीबाई मावशीच म्हणत. सुट्टीत हक्कानं जावं असं ते घर होतं.

रोजचं राहणं मात्र कठीण होतं. राहायच्या खोलीतली शेगडी नीट पेटायची नाही, खोलीभर धूर व्हायचा. धूर सोसावा नाहीतर गारठा. शाकाहार सोडायचा नाही म्हणून जेवणाचे हाल. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहून थंडी लागे, म्हणून त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. या थंडीनं आणि अर्धपोटी राहण्यानं त्यांची प्रकृती ढासळली, असं मला वाटतं. कॉलेजनं विद्या भरभरून दिली. ऊब तेवढी पुरवता आली नाही.

पण वर्गात त्या एकाकी नव्हत्या. ऑक्टोबर 1885 मधलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाईंसोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली आहेत, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. ओकामी 1889 मध्ये आणि इस्लामबुली 1890 मध्ये डॉक्टर झाल्या. अमेरिकेच्या मूळनिवासी ओमाहा जमातीतल्या सुझन ला फ्लेश यांनीही 1889 मध्ये इथूनच पदवी घेतली. त्या काळात इतक्या दूरदूरच्या मुलींना एका बाकावर बसवणारं वैद्यकीय कॉलेज विरळाच.

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी बाळंत होऊन दहा दिवसांचं मूल गमावलेल्या बाईनं हाच विषय घ्यावा, याचं नवल वाटत नाही. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातल्या स्त्री विभागाची जबाबदारी आनंदीबाईंकडे येणार होती. पण त्याआधीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्यांच्यामागून याच कॉलेजात गेलेल्या गुरुबाई करमरकर 1892 मध्ये पदवी घेऊन परतल्या आणि मुंबईत त्यांनी वर्षानुवर्षं रुग्णसेवा केली. त्यांचं नाव आपण जवळजवळ विसरलो आहोत. ठाणे जिल्ह्यातल्या शाळांनी आनंदीबाईंची गोष्ट सांगताना रेचल बॉडली आणि गुरुबाई करमरकर ही दोन नावंही मुलींना जरूर सांगावीत.