जठरातील जिवाणू आणि औषधांची पुंजी

चेन्नईतील एग्मोर म्हटले, की रेल्वेचे लाल-पांढरे स्थानक डोळ्यांपुढे येते. त्याच परिसरात मुलांसाठीचे मोठे शासकीय रुग्णालय आहे. जठराच्या विकारांविषयी लिहिताना बालरुग्णालयाची आठवण व्हावी, याला कारण आहे. प्रौढपणी अल्सरच्या रूपाने छळणारा ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जिवाणू बहुधा बालपणीच पोटात शिरतो आणि उपचार न झाल्यास आयुष्यभर तेथेच मुक्काम करतो. बहुसंख्यांना त्याचा त्रास जाणवत नाही. काहींना मात्र जठरव्रण होतो, तर थोड्यांच्या बाबतीत तो जठराच्या कर्करोगास कारण ठरतो.

आम्लात तगणारा जीव

जठरातील तीव्र आम्लात कोणताही जिवाणू टिकणार नाही, अशी पूर्वी समजूत होती. अल्सरचा दोष तिखट खाण्याला आणि मनस्तापाला दिला जाई. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉ. रॉबिन वॉरेन आणि डॉ. बॅरी मार्शल यांनी ही समजूत खोटी ठरवली. १९८२ मध्ये त्यांना हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवता आला. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः प्राशन केला आणि जठरदाह ओढवून घेतला! २००५ मध्ये उभयतांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जिवाणू युरियापासून अमोनिया तयार करून स्वतःभोवतीचे आम्ल सौम्य करतो, हे त्याच्या तग धरण्याचे रहस्य होय. अल्सर प्रतिजैविकांनी बरा होऊ शकतो, ही रुग्णांसाठी केवढी मोठी सुवार्ता होती!

चेन्नईचा इशारा

पण ही सुवार्ता भारतात कितपत खरी ठरत होती? मद्रास विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. एस. पी. त्यागराजन (पुढे याच विद्यापीठाचे कुलगुरू) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नई, हैदराबाद, लखनौ, दिल्ली व चंडीगड येथील रुग्णांपासून मिळवलेल्या २५९ जिवाणू-नमुन्यांची परीक्षा केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष चिंताजनक होते. ७७.९ टक्के नमुने मेट्रोनिडाझोलला, तर ४४.७ टक्के क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देत नव्हते. मेट्रोनिडाझोलच्या बाबतीत चेन्नईतील प्रमाण ८८.२ टक्के होते; दिल्लीत ते ३७.५ टक्के आढळले. टेट्रासायक्लिनला होणारा प्रतिकार मात्र अत्यल्प होता, एवढाच दिलासा.

असे का व्हावे? जुलाब किंवा आव झाली, की मेट्रोनिडाझोलच्या चार गोळ्या घ्यायच्या आणि बरे वाटताच उरलेल्या कपाटात ठेवायच्या, ही सवय आपल्या घराघरांत आहे. त्या गोळ्यांशी जठरातील जिवाणूचाही संबंध येतो. हे औषध जिवाणूच्याच एका विकराने कार्यक्षम होते. जनुकीय बदलाने ते विकर निकामी झाले, की औषधही निष्प्रभ होते. असे बदललेले जिवाणू औषधाच्या माऱ्यातून वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते.

आपल्या हाती काय?

उपचारांचे मार्ग खुंटलेले नाहीत. आम्लस्राव रोखणारे औषध, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल यांचा एकत्रित १४ दिवसांचा उपचार प्रतिकार असतानाही बऱ्याच अंशी उपयोगी पडतो. मात्र मात्रा आणि दिवस काटेकोर पाळले पाहिजेत. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून जिवाणू गेल्याची खात्री करून घ्यावी. अल्सरच्या बाबतीत केवळ जळजळ थांबणे म्हणजे बरे होणे नव्हे.

ऑगस्ट २०१२ मध्ये देशातील वैद्यकीय संघटना चेन्नईतच एकत्र आल्या आणि प्रतिजैविकांच्या विवेकी वापरासाठी ‘चेन्नई घोषणापत्र’ तयार झाले. १ मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक झाले. परंतु नियमांइतकेच महत्त्व आपल्या वर्तनाला आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याविना प्रतिजैविक घेऊ नये, शेजाऱ्याची चिठ्ठी वापरू नये आणि ठरलेले दिवस पूर्ण करावेत.

बँकेतील आपली ठेव आपल्या एकट्याची असते. प्रतिजैविकांची ठेव मात्र सर्वांची सामाईक आहे. एकाने ती उधळली, तर गरजेच्या वेळी दुसऱ्याचे खाते रिकामे आढळते. ज्या बालकांच्या पोटात हा जिवाणू आज शिरतो आहे, त्यांना उद्या औषध लागू पडावे, म्हणून ही पुंजी आपणच जपली पाहिजे.