चढताना एक, पोचल्यावर दुसरी

माझा मावसभाऊ पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाला. गेल्या दिवाळीत सातारा जिल्ह्यातल्या त्याच्या घरी फराळाला बसलो असताना मी त्याला सहज विचारले, "दादा, तू एसएलआरही वापरलीस आणि इन्सासही. चांगली कोणती?" तो म्हणाला, "डोंगर चढताना विचारशील तर इन्सास. वर पोचल्यावर विचारशील तर एसएलआर." एवढे बोलून तो चकलीकडे वळला. मी मात्र त्या उत्तरापाशीच थांबलो. या लेखाचे निमित्त तेच.

आधी आकडे पाहू. एसएलआरची गोळी ७.६२ मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे साडेनऊ ग्रॅम वजनाची. पुण्याच्या पाषाण येथील 'एआरडीई' या संरक्षण संशोधन संस्थेत आराखडा तयार झालेल्या इन्सासची गोळी ५.५६ मिलिमीटरची, वजन ४ ग्रॅम. पण ती नळीतून सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. पुंगळी आणि दारूसकट पहिले काडतूस सुमारे २४ ग्रॅम भरते, दुसरे १२. दोनशे काडतुसे पाठीवर घेतली तर फरक जवळजवळ अडीच किलोचा. दादाच्या उत्तराचा पूर्वार्ध इथे उलगडतो.

उत्तरार्धासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. ब्रिटिश फौजेच्या मार्टिनी-हेन्री रायफलची शिशाची गोळी ३१ ग्रॅमची होती आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर. तिच्या जागी .३०३ आली. तिची गोळी १४ ग्रॅमची, वेग सुमारे ६०० मीटर. वजन निम्म्याहून कमी, तरी दोन्ही गोळ्यांची ऊर्जा जवळपास सारखीच. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तर खांद्याला बसणारा धक्का मुख्यतः वजन आणि वेग यांच्या साध्या गुणाकारावर ठरतो. म्हणजे वजन घटवून वेग वाढवला, तर धक्का कमी होऊनही ऊर्जा टिकते. शिवाय वेगवान गोळी सरळ जाते; अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम फारसा चुकत नाही. लहान गोळीचे सारे शास्त्र या हिशेबावर उभे आहे. आज जिला आपण मोठी म्हणतो ती .३०३ एके काळची लहान, वेगवान गोळी होती!

आणि तिच्याविषयीची तक्रारही आजच्यासारखीच होती. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर सैनिक म्हणू लागले की, ही गोळी आरपार जाते, पण समोरचा माणूस थांबत नाही. त्यावर उपाय म्हणून कोलकात्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी काढली. ती शरीरात शिरताच पसरे. तिच्या जखमा इतक्या भीषण होत्या की १८९९ च्या हेग परिषदेत अशा पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा निघाला. पूर्ण आवरण असलेली लहान गोळी त्या काळी 'दयाळू' मानली जात होती, हेही इथे नोंदवायला हवे.

दुसऱ्या महायुद्धानंतर वजनाचा प्रश्न पुन्हा वर आला. १९५२ मध्ये अमेरिकी लष्करासाठी नॉर्मन हिचमन यांनी केलेल्या अभ्यासात दिसले की, रायफलीची परिणामकारक गोळीबारी बहुतांशी ३०० यार्डांच्या आतच होते. मग हजार यार्डांची ताकद पाठीवर का वाहायची? त्यातून ५.५६ आली, व्हिएतनाममध्ये एम-१६ बरोबर लढली आणि १९८० मध्ये 'नाटो'ने तिची सुधारित आवृत्ती प्रमाण मानली. सोव्हिएत संघानेही तोवर ५.४५ मिलिमीटरची एके-७४ स्वीकारली होती.

लहान गोळीची कमाई वेगाची असते, आणि वेग गेला की ती कमाईही जाते. व्हिएतनामच्या काळातली ५.५६ गोळी जवळून लागली की शरीरात आडवी होऊन फुटे आणि मोठी जखम करी. वेग ठरावीक मर्यादेखाली आला की ती फुटत नाही. बारीक भोक पाडून पलीकडे निघून जाते. नळी आखूड केली की सुटतानाच वेग घटतो, त्यामुळे ही मर्यादा आणखी जवळ येते. हलकी असल्याने वारा तिला लवकर ढकलतो, झाडी आणि भिंत तिला अडवतात. अफगाणिस्तानच्या दऱ्यांत पाचशे मीटरच्या पलीकडून मारा होऊ लागला, तेव्हा अनेक तुकड्यांना ७.६२ च्या रायफली पुन्हा बाहेर काढाव्या लागल्या.

इथे एक समजूत दूर करायला हवी. 'ही गोळी मारण्यासाठी नाही, जखमी करण्यासाठी. म्हणजे एका जखमीमागे शत्रूचे दोघे अडकतात,' असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. मूळ अमेरिकी अटींत असे काही नव्हते. ५०० यार्डांवर पोलादी शिरस्त्राण भेदता यावे, ही मात्र एक अट होती. जखमेचे गणित नंतर चिकटवलेले आहे. उलट या गोळ्यांच्या जखमा इतक्या गंभीर ठरल्या की १९७९ मध्ये जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने लहान कॅलिबरच्या शस्त्रांबाबत काळजी घेण्याचे आवाहन करणारा ठराव केला. ऐंशी वर्षांपूर्वी दयाळू म्हणवलेली लहान गोळी अशी आरोपीच्या पिंजऱ्यात आली.

आणि आता चाक पुन्हा फिरले आहे. भारताने २०१९ मध्ये ७.६२ च्या ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार केला. अमेठीजवळ कोरवा येथे बनणारी एके-२०३ ही व्यासाने ७.६२ चीच, पण तिचे काडतूस आखूड आणि मध्यम ताकदीचे. अमेरिकेच्या लष्करानेही २०२२ मध्ये ६.८ मिलिमीटरची निवड केली.

हे सारे मी दादाला फोनवर सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "नवीन काडतूस वजनाला किती?" मी म्हटले, ५.५६ पेक्षा जडच. "मग पोरांचे गुडघे जाणार," तो म्हणाला. त्याचे स्वतःचे दोन्ही गेले आहेत.